अंश तोच, छेद लहान : मूठभरांचा गट अख्खा पक्ष कसा हलवतो

बातम्यांत एक वाक्य वर्षभर कुठल्या ना कुठल्या पक्षाबद्दल येतच असतं : 'अमुक गट नाराज, मनधरणी सुरू.' दुसऱ्या दिवशी कळतं की त्या गटात जेमतेम दहा-बारा माणसं आहेत. पक्षाचे सभासद लाखांत आणि मनधरणी दहा-बारा जणांची! वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं, यांना एवढा भाव कशासाठी? पैसा असणार, नाहीतर कुणाची तरी फाईल कुणाच्या तरी हातात असणार.

असतंही कधी कधी. पण पैसा आणि फाईल बाजूला ठेवली तरी हे कोडं सुटतं, आणि त्याला शाळेतले अपूर्णांक पुरतात. अपूर्णांकाची किंमत वाढवायचे मार्ग दोनच : अंश वाढवा किंवा छेद कमी करा. माणसं जमवत गट मोठा करणं म्हणजे अंश वाढवणं. त्यात वर्षं जातात. हुशार गट छेदाकडे बघतो. निर्णय नेमका कुठे होतो, तिथे किती जण बसलेले असतात, हे तो हेरतो आणि तिथे जाऊन बसतो.

'गट' हा शब्द आपण सैलपणे वापरतो, म्हणून एकदा स्पष्ट करून घेऊ. पक्ष न सोडता, आधी आपसांत ठरवून, मग बाहेर एकाच सुरात बोलणारी आणि मत देणारी माणसं म्हणजे गट. सारखा विचार करणारे पण आपापल्या मर्जीने मत देणारे पन्नास जण हा गट नव्हे. कडाक्याचे मतभेद चार भिंतींत मिटवून बाहेर एक होणारे पंधरा जण हा गट.

शंभरात आठ

शंभर जागांचं एक सभागृह घ्या. ५१ जागा मिळवणारा पक्ष राज्य करणार. त्या पक्षाच्या बैठकीत ५१ पैकी २६ जण ज्या बाजूला, ती पक्षाची भूमिका. ती एकदा ठरली की उरलेले २५ही शिस्तीत तिच्यामागे उभे राहतात. म्हणजे २६ जणांनी शंभरांचं सभागृह चालवलं. आता या २६ जणांनीही आधी वेगळी बैठक घेऊन बहुमताने ठरवायचं असं केलं, तर त्यांच्यातले १४ पुरे. त्या १४ जणांत आणखी एक आतला गट असेल, तर ८.

डबीत डबी, तिच्यात आणखी एक डबी. प्रत्येक पायरीवर नियम लोकशाहीचाच आहे, बहुमताचा. तरी शेवटी शंभरांचं भवितव्य आठ जण ठरवतात. अट एकच : प्रत्येक डबीतल्या हरलेल्यांनी मुकाट्याने निर्णय पाळला पाहिजे. म्हणून असे गट शिस्तीच्या बाबतीत कमालीचे कडक असतात. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन पक्षाच्या कट्टर सदस्यांनी २०१५ मध्ये 'फ्रीडम कॉकस' काढला, तेव्हा त्यांनी ठरवलं की गटातल्या ८० टक्क्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं, तर उरलेल्यांनीही तसंच मत द्यायचं.

हे नुसतं कागदी गणित नाही. १९३४ साली काँग्रेसच्या आतच काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. त्याची बरीचशी जुळवाजुळव नाशिकच्या तुरुंगात झाली होती. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, ना. ग. गोरे अशी मंडळी त्यात होती. काँग्रेसला डावीकडे वळवायचं हा त्यांचा हेतू. १९३६ मध्ये त्यांनी कम्युनिस्टांना आपल्यात घेतलं. आता काँग्रेसच्या डबीत समाजवादी आणि समाजवाद्यांच्या डबीत कम्युनिस्ट! १९४० मध्ये समाजवाद्यांनी त्यांना बाहेर काढलं, पण तोवर उशीर झाला होता. केरळ, आंध्र आणि तमिळ भागातल्या शाखा जवळपास सगळ्याच्या सगळ्या त्यांच्याबरोबर गेल्या. जी युक्ती आपण थोरल्या घरात वापरत होतो, तीच आपल्या घरात कुणी वापरतंय हे समाजवाद्यांना वेळेवर कळलं नाही.

रस्सीखेच

बहुमत नसलं तरी चालतं, असं म्हटलं की लोक नकारार्थी मान हलवतात. 'दहा हजारांच्या संघटनेत शंभर जण काय करणार? एक टक्का!' हा हिशेब चुकतो तो असा.

दहा हजार माणसं दोरखंड ओढायला उभी आहेत. डावीकडे ओढायचं की उजवीकडे, याचं कुणालाच फारसं पडलेलं नाही. जो तो मनात नाणं उडवून ठरवतो. निम्मे इकडे, निम्मे तिकडे होतात, अगदी बरोबर निम्मे नाही, पण दोन बाजूंतला फरक साधारण शंभराच्या आसपासच राहतो. दहा हजारांचं वर्गमूळ शंभर, म्हणून. आता यात ठरवून एकाच बाजूला ओढणारे शंभर जण सोडा. शंभरपैकी साधारण ८४ वेळा दोरखंड त्यांच्याकडे सरकेल. दोनशे सोडले, तर जवळपास ९८ वेळा.

लायोनेल पेनरोज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४६ मध्ये हा हिशेब मांडला. त्यातली मेख लक्षात घ्या : बाकीचे खरोखर उदासीन आणि एकमेकांपासून स्वतंत्र असले, तरच हे जमतं. ठाम विरोध करणारे हजार जण समोर उभे राहिले की शंभरांची जादू संपली. पण कुठल्याही पक्षाची कुठलीही निवडणूक बघा. उपाध्यक्ष कोण, ठरावाच्या चौथ्या परिच्छेदात काय, यावर किती सभासदांचं ठाम मत असतं?

रात्री अकरापर्यंत कोण बसतं?

पेनरोजच्या गणितात निदान सगळे मत तरी देतात. प्रत्यक्षात बहुतेक जण येतच नाहीत. बैठक आठला सुरू होते, नऊपर्यंत मागचं इतिवृत्त वाचून होतं, दहाला निम्मे घरी जातात. महत्त्वाचा ठराव येतो अकराला. तेव्हा जे खुर्चीवर असतात, ते पक्ष.

ब्रिटनच्या मजूर पक्षात हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. १९६४ मध्ये 'मिलिटंट' नावाचं वर्तमानपत्र निघालं. त्यामागे ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीला मानणाऱ्या, कार्यकर्त्यांचा स्वतंत्र, शिस्तबद्ध गट होता. बाहेर राहून निवडणुका जिंकणं अशक्य, म्हणून मोठ्या पक्षाचे सभासद व्हायचं आणि आतून तो ताब्यात घ्यायचा. या पद्धतीला आपण शिरकाव म्हणू. आपल्या म्हणीत सांगायचं तर आयत्या बिळावर नागोबा. स्थानिक शाखांच्या बैठकांना दोन-तीन डझन माणसं यायची. तिथे दहा ठाम माणसं नियमित आली, चिकाटीने शेवटपर्यंत बसली, की पदाधिकारी त्यांचे. पक्षाची युवक संघटना सत्तरच्या दशकात त्यांच्या हातात आली, आणि १९८३ नंतर लिव्हरपूलच्या महापालिकेचा कारभारही तेच हाकू लागले.

अमेरिकेत ही लहान खोली कायद्यानेच उभारली आहे. तिथे पक्षाचा उमेदवार नेते ठरवत नाहीत. पक्षाचे मतदार प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. ऐकायला फार छान. पण त्या मतदानाला येतात थोडे, आणि येणाऱ्यांत कडव्यांचं प्रमाण जास्त. जून २०१४ मध्ये प्रतिनिधीगृहातले बहुमतवाल्या पक्षाचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियातल्या आपल्याच मतदारसंघात डेव्ह ब्रॅट या प्राध्यापकाकडून हरले. ब्रॅटकडे कँटरच्या तुलनेत पैसा नगण्य होता. सात लाखांहून जास्त वस्तीच्या त्या मतदारसंघात एकूण मतं पडली सुमारे ६५ हजार.

खरा परिणाम नंतर दिसला. हरला एकटा कँटर, पण धडकी भरली इतर सगळ्यांना. ज्यांच्या मतदारसंघात अशा कडव्यांचा एकही माणूस नव्हता, तेही जपून बोलू लागले.

नाक दाबलं की तोंड उघडतं

समजा, एका सभागृहात तीन पक्ष आहेत : ४९, ४८ आणि ३ जागांचे. बहुमताला ५१ हवेत. कुठलेही दोन पक्ष एकत्र आले की काम होतं. एकटा कुणीच पुरत नाही. म्हणजे तीन जागांच्या पक्षाची ताकद ४९ वाल्याइतकीच. पक्षाच्या आतही नेमकं हेच होतं, फक्त पक्षाचं बहुमत काठावरचं हवं.

जानेवारी २०२३. अमेरिकी प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन २२२, डेमोक्रॅट २१२. सभापतिपदासाठी केव्हिन मॅकार्थी यांना स्वपक्षातली चारच मतं गमावणं परवडणारं होतं, आणि अडून बसले सुमारे वीस जण. चार दिवस, पंधरा फेऱ्या. शेवटी मॅकार्थी निवडून आले, पण मोबदल्यात दोन गोष्टी देऊन बसले. एक, नियम समितीवर त्या गोटातल्या सदस्यांना जागा; कुठलं विधेयक सभागृहापुढे कोणत्या अटींवर येणार हे ती समिती ठरवते. दुसरी, सभापतींना हटवण्याचा प्रस्ताव एकटा सदस्यही आणू शकेल असा नियम. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तसा प्रस्ताव आला. विरोधातले हजर असलेले सगळे डेमोक्रॅट आणि स्वपक्षाचे फक्त आठ : २१६ विरुद्ध २१० मतांनी मॅकार्थी गेले.

याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : उपद्रवमूल्य. वीस जणांना स्वतःचा सभापती करता आला नसता. पण दुसऱ्याचा होऊ न देणं जमत होतं. दहा मित्रांच्या सहलीत एकालाच गाडी चालवता येत असेल आणि तो म्हणाला 'समुद्राकडे नाही जायचं', तर नऊ विरुद्ध एक असं मतदान घेऊन उपयोग काय? त्यात त्याला सहल रद्द झाली तरी चालणार असेल, तर प्रश्नच मिटला. पक्ष टिकावा असं ज्याला जास्त वाटतं, तो सौद्यात आधी वाकतो. नेतृत्वाला तर ते सगळ्यात जास्त वाटतं.

नाव आणि उंबरठा

रशियातल्या सामाजिक लोकशाही पक्षाचं दुसरं अधिवेशन १९०३ मध्ये ब्रुसेल्सला सुरू होऊन लंडनला संपलं. सभासद कुणाला म्हणायचं, या मुद्द्यावर लेनिन मतदानात हरले. पुढे इतर कारणांवरून सात प्रतिनिधी उठून गेले, आणि उरलेल्यांत लेनिनच्या बाजूचे थोडे जास्त भरले. तेवढ्या संधीवर त्यांनी आपल्या गटाला 'बोल्शेविक', म्हणजे बहुमतवाले, म्हणून घेतलं. विरोधकांनी 'मेन्शेविक', म्हणजे अल्पमतवाले, हे नाव स्वीकारलंही! पुढे कित्येकदा मेन्शेविक संख्येने जास्त होते, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मला राजकारणातली याहून स्वस्त खरेदी माहीत नाही.

नावापेक्षा टिकाऊ गोष्ट म्हणजे उंबरठा. निवडणुकीला उभं राहायला किती सूचक लागतात, अविश्वासाला किती सह्या लागतात, हे आकडे कंटाळवाणे वाटतात. सगळा खेळ तिथेच असतो. २०१५ मध्ये मजूर पक्षाच्या नेतेपदासाठी ३५ खासदारांची शिफारस लागत होती. जेरेमी कॉर्बिन यांच्यामागे एवढे खासदार नव्हतेच. चर्चेत सगळे विचार यावेत म्हणून, त्यांना मत देण्याचा इरादा नसलेल्या काहींनी सही केली, आणि मुदत संपता संपता ३६ भरल्या. नेता निवडायचा अधिकार तोवर 'एक सभासद, एक मत' या नियमाने सभासद आणि नोंदणीकृत समर्थकांकडे गेला होता. कॉर्बिन ५९.५ टक्के मतांनी निवडून आले. पुढच्याच वर्षी खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला, तरी ते जागचे हलले नाहीत. खासदारांच्या खोलीत जो गट नगण्य होता, तो सभासदांच्या मैदानात मोठा ठरला. म्हणजे लहान खोली दर वेळी सोयीची असते असंही नाही. कधी दार तेवढं अरुंद असतं, आतली जागा ऐसपैस.

मग बहुसंख्य गप्प का बसतात?

कारण गप्प बसणं स्वस्त पडतं. गटाच्या माणसाला त्या एका मुद्द्यासाठी रोज तीन तास द्यायला काही वाटत नाही. बाकीच्यांना दहा मुद्दे असतात, नोकरी-संसार असतो, आणि 'दुसरा कुणीतरी बोलेल' हा भरवसा असतो. शिवाय 'फुटीरपणा नको, निवडणूक तोंडावर आहे' हे वाक्य नेहमी मध्यममार्गी माणसालाच ऐकवलं जातं. तंटा त्याने सुरू केलेला नसतो, तरी मिटवायची जबाबदारी त्याच्यावर येते.

पण आपल्याकडे तर व्हिप असतो

बरोबर. मॅकार्थींची गोष्ट भारतात जशीच्या तशी घडणं कठीण. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार व्हिप, म्हणजे पक्षादेश, मोडून मत देणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. सुरुवातीला विधिमंडळ पक्षातल्या एक-तृतीयांश जणांनी फूट पाडली तर ते वाचायचे. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती पळवाट बंद झाली; उरली ती दोन-तृतीयांशांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाची. ४५ आमदारांच्या पक्षात आधी १५ पुरायचे, आता ३० लागतात.

मग लहान गट संपले का? नाही, ते दुसऱ्या खोलीत गेले. आपल्याकडे उमेदवार ठरवायला प्राथमिक निवडणूक नाही. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, कुणाला द्यायचा हे मोजक्या माणसांच्या हातात असतं. तिथे ज्याचं वजन, त्याला सभागृहात मत फिरवायची गरजच काय? शिवाय विधान परिषदेसाठी आमदार करतात ते मतदान गुप्त असतं. म्हणून 'मतं फुटली' ही बातमी तिथूनच जास्त येते. कायद्याने जिथे तोंड बंद केलं, तिथून नाराजी उठली आणि जिथे चेहरा दिसत नाही तिथे जाऊन बसली.

खुर्ची मिळाली म्हणजे पक्ष मिळाला?

इथे गटांची आणि आपलीही फसगत होते. जपानच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षात गट उघड असायचे : प्रत्येकाचं कार्यालय, प्रत्येकाचा नेता. १९८९ मध्ये रिक्रूट कंपनीच्या शेअर घोटाळ्यात बड्या गटांचे नेते अडकले आणि पंतप्रधानपद आलं कोमोतो यांच्या छोट्या गटातल्या तोशिकी काइफू यांच्याकडे. मोठ्यांना एकमेकांपैकी कुणी नको होता, म्हणून छोटा चालला. पण पाठबळ बड्या ताकेशिता गटाचं होतं. १९९१ मध्ये ते निघालं आणि काइफू गेले.

आपल्याकडे १९३९. सुभाषचंद्र बोस पट्टाभी सीतारामय्यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवून काँग्रेसचे पुन्हा अध्यक्ष झाले. त्रिपुरी अधिवेशनात लगेच ठराव आला : कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसारच नेमावी. समाजवादी गट त्यावर तटस्थ राहिला, ठराव मंजूर झाला, आणि एप्रिलअखेर बोस यांनी राजीनामा दिला. अध्यक्षपद लाखमोलाचं वाटत होतं, पण निर्णयाची खोली कार्यकारिणी होती आणि तिची किल्ली दुसरीकडे. तटस्थ राहणं हीही एक चाल असते, हे त्या दिवशी दिसलं.

हे लोकशाहीच्या विरोधात नाही का?

माझं उत्तर : दर वेळी नाही. १९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनात हसरत मोहानींनी पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला, तेव्हा काँग्रेसने तो फेटाळला. आठ वर्षांनी लाहोरला तीच काँग्रेसची भूमिका झाली. आज अल्पमतात असलेली गोष्ट पक्षात राहून पुनःपुन्हा मांडायची सोय नसेल, तर पक्ष म्हणजे नुसती हजेरीपटावरची नावं उरतील. फरक मी एवढ्यावरून करतो : गट आपलं म्हणणं सभासदांसमोर उघडपणे पटवून देतो की ते निघून जायची वाट बघतो? मोहानी भर अधिवेशनात हरले. मिलिटंटवाले तर आपण संघटना आहोत हेही नाकारायचे. आम्ही वर्तमानपत्र वाचणारे समविचारी लोक, एवढंच सांगायचे.

मग हाकलून का देत नाहीत?

देतात, पण उशिरा. हकालपट्टीने पक्षात शत्रू आहेत हे स्वतःच जाहीर करावं लागतं, आणि काठावरच्या बहुमतात तेही परवडत नाही. मजूर पक्षाने १९८३ मध्ये मिलिटंटच्या संपादक मंडळातल्या पाच जणांना काढलं. पक्षाचे नेते नील किनॉक यांनी १९८५ च्या बोर्नमथ अधिवेशनात लिव्हरपूलच्या कारभारावर जाहीर तोफ डागली, आणि पुढच्या वर्षी तिथल्या प्रमुख नेत्याची हकालपट्टी झाली. गट रुजायला लागला त्याला तोवर वीस वर्षं होऊन गेली होती.

काँग्रेसने दुसरा रस्ता घेतला. १९४८ च्या सुरुवातीला पक्षाची घटनाच बदलली : स्वतःची घटना आणि शिस्त असलेला कुठलाही पक्ष काँग्रेसच्या आत चालणार नाही. समाजवाद्यांपुढे दोनच पर्याय उरले, विसर्जन किंवा बाहेर. मार्च १९४८ मध्ये नाशिकलाच अधिवेशन भरवून त्यांनी बाहेर पडायचं ठरवलं. चौदा वर्षं काँग्रेसच्या आत राहून त्यांनी आपल्या संख्येपेक्षा कितीतरी मोठा आवाज कमावला होता. त्या आवाजाच्या बळावर त्यांना मोठी आशा होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांना दहा टक्क्यांहून जास्त मतं पडली. पण आता छेद अख्खा देश होता. ४८९ जागांच्या लोकसभेत समाजवादी पक्षाचे खासदार आले बारा.